ज्वारी वाढली

सोलापूरच्या त्या मुलींच्या बालगृहात मी रुजू झाले तेव्हा मला तेविसावं लागलं होतं, आणि जगातली सगळी मुलं कशी वाढवावीत हे मला ठाऊक होतं. पुण्याहून बालमानसशास्त्राचा एक वर्षाचा कोर्स करून मी आले होते. ट्रंकेत दोन जाड इंग्रजी पुस्तकं होती आणि त्यांत पेन्सिलीनं इतक्या खुणा होत्या की छापलेलं कमी आणि अधोरेखित जास्त दिसायचं. माझा राग मात्र कुठल्याच कोर्सनं गेला नव्हता. तो पहिल्यापासून नाकाच्या शेंड्यावर.

साल त्र्याहत्तर. बालगृह पूर्व भागात, मागांच्या वस्तीला अगदी लागून होतं. दिवसभर मागांची खटखट चालायची. पहिला आठवडा डोकं उठलं, दुसऱ्या आठवड्यापासून ती ऐकूच येईना, आणि माग बंद असायचे त्या दिवशी काहीतरी चुकल्यासारखं वाटून मी उगाच दारात जाऊन उभी राहायची. मुली चाळीस. बहुतेक दुष्काळाच्या वर्षात आलेल्या. मोठी माणसं आम्ही तिघंच. ऑफिसात एक कारकून होते, मधल्या वयाचे, शांत. त्यांचं घर मागच्याच गल्लीत. घरात तेलुगू बोलणारे विणकर, त्यामुळे मराठी शाळेत शिकलेले आणि ते मराठी पाठ्यपुस्तकाला शोभेल इतकं स्वच्छ. स्वयंपाकघरात अक्कलकोटकडच्या एक बाई होत्या, कपाळावर विभूतीची तीन बोटं, घरची भाषा कानडी. त्यांना सगळे अक्का म्हणत. आणि तिसरी मी. मला सगळे नुसतं बाई म्हणत, अक्का 'पुण्याच्या बाई' म्हणत, आणि त्यात कौतुक किती नि चेष्टा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

दिवाळी झाल्यावर सांगोल्याकडची एक बाई आपल्या बहिणीच्या मुलीला घेऊन आली. पोर नऊएक वर्षांची, केस कातरलेले, हातात एक जर्मनची वाटी. दुष्काळात मजुरांना खडी फोडायचं काम आणि सुकडीचं पीठ द्यायचे तसल्या एका केंद्रावर आदल्या उन्हाळ्यात तिची आई वारली होती. बापाचा पत्ता त्याच्याही आधीपासून नव्हता. मावशीनं पाच महिने सांभाळलं आणि आता तिचे हात टेकले होते.

"बाई, पोरगी वाईट न्हाई," ती म्हणाली. "पर ही पीठ चोरती. चोरून खात न्हाई, चुलीमागं पुरून ठिवती. भाकरी वळचणीला खुपसून ठिवती. माजी चार पोरं हायती, घरात रोज मारामाऱ्या. हिचं ह्ये तेवढं ऱ्हाऊ द्या, मग मी घिऊन जाते. शिमग्याला येते मी."

"आणि नाही राहिलं तर?" मी विचारलं.

मावशी पदर सावरत म्हणाली, "मग हितंच असू द्या तिला."

ते तिनं वाईट मनानं म्हटलं नव्हतं. पण मुलगी तिथंच उभी होती आणि तिनं ते ऐकलं. आमच्याकडं ज्या मुलींना कुणी न्यायला यायचं नाही त्या अठराव्या वर्षापर्यंत राहायच्या. हिला न्यायला येणारं एक माणूस तरी होतं, आणि ते टिकवायचं तर शिमग्यापर्यंत चार महिने होते.

मी पुस्तकाप्रमाणे सुरुवात केली. प्रेमानं बोलायचं, विश्वास संपादन करायचा, चित्रं काढायला द्यायची. तिनं चित्रं काढली नाहीत. खडू मात्र पळवले आणि अंथरुणात लपवले. एका आठवड्यात तिच्या खोलीत मुंग्यांची रांग लागली, म्हणून मी तिची सतरंजी उचलली. खाली भाकरीचे तुकडे. काही वाळलेले, काही बुरसलेले, एकात भाजी गुंडाळलेली. आणि मग पुस्तक गेलं कुठल्या कुठं. सगळ्या मुलींच्या देखत मी खराटा मागवला, ते तुकडे झाडून काढले आणि बडबडत राहिले की इथं काय कमी आहे, दोन वेळा पोटभर मिळतंय, उंदीर होतील, घाण आहे ही सगळी. मी शेवटचा तुकडा उचलला तशी पोर पुढं आली आणि माझ्या मनगटाला चावली. रक्त आलं.

दवाखान्यात नेलं, मनगट माझं आणि तपासणी तिची. डॉक्टरांनी मला पट्टी बांधली आणि तिला जंताचं औषध दिलं. मी ते तिला आठ दिवस इमानानं पाजलं. जंत गेले असतील तर माहीत नाही, भाकरी लपवणं गेलं नाही.

त्याहून वाईट प्रकार पुढं झाला. अक्का एकदा तापानं पडल्या म्हणून पंगतीत मी वाढत होते. भाजीचं पातेलं तळाला लागलं. मी पळी पातेल्यावर आपटून झटकली आणि म्हटलं, "भाजी संपली. आता चटणी घ्या." बास. त्या पोरीनं जी किंकाळी फोडली ती मागांच्या खटखटीवरून गल्लीत ऐकू गेली. तिनं शेजारच्या दोघींच्या ताटातल्या भाकरी हिसकल्या, पोटाशी धरल्या आणि संडासात जाऊन कडी घातली. दोन तास बाहेर आली नाही. कारकून आणि मी दाराबाहेर उभे राहून आळीपाळीनं विनवण्या करत होतो. शेवटी अक्का तापातच उठून आल्या, दाराला तोंड लावून कानडी-मराठीत काहीतरी बोलल्या आणि कडी निघाली.

नंतर त्यांनी मला स्वयंपाकघरात घेतलं. "बाई, ताटावर बसलेल्यांना संपलं म्हणू नये."

"मग काय म्हणायचं?"

"वाढलं म्हणायचं. तुमच्या पुण्यात म्हणत न्हाईत काय?"

म्हणत होते की. माझी आई जन्मभर म्हणत आली. कुंकू संपत नाही, वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. तांदळाचा डबा रिकामा झाला की तांदूळ वाढले. कॉलेजात गेल्यावर या असल्या बोलण्याची मला भयंकर चीड आली होती. नाही ते आहे म्हणायचं, रिकाम्याला भरलं म्हणायचं, आणि मग आपणच त्यावर विश्वास ठेवायचा. मी अक्कांना हे सगळं ऐकवलं. पिठाचा डबा रिकामा झाला तर तो रिकामा झाला, शब्द बदलून पीठ येत नाही, आणि मुलांशी खरं बोलावं, असं सगळं. अक्का तापातच भाकऱ्या थापत होत्या. माझं झाल्यावर त्या म्हणाल्या, "झालं? आता त्या पोरीला वाढा."

मी हट्टानं आठ दिवस दोन्ही बघितलं. मुळात हरायला तयार नव्हते. पण दिसलं ते असं: अक्का वाढायच्या तेव्हा पातेलं रिकामं झालं तरी ती पोर बसून राहायची. मी वाढायची आणि तोंडातून तो शब्द गेला की तिचा चेहरा पांढरा पडायचा. माझी ट्यूब उशिरा पेटली, पण पेटली. मी चाळीस मुलींना गोळा केलं आणि हुकूम काढला, की या घरात कुणी संपलं म्हणायचं नाही. पुण्याच्या बाई वाढलं म्हणायला लागल्या, हे अक्कांनी सबंध गल्लीला सांगितलं असावं. आठ दिवस पिठाच्या गिरणीचा मालकसुद्धा माझ्याकडं बघून हसत होता.

आणि फरक पडला. अक्कांनी दुसरं एक केलं. तिला भाकरी लपवू नको असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. त्यांनी तिला कडक भाकरी करायला शिकवलं. आमच्याकडं पातळ थापून, मंद तव्यावर वाळवून करतात ती. महिना महिना टिकते. "लपवायची तर असली लपव मगा," त्या म्हणाल्या. मगा म्हणजे लेकरू. "मऊ भाकरीला बुरशी येती. ही आपली शिमग्यापर्यंत ऱ्हाती." मग तिला एक पत्र्याचा डबा दिला. पोर रोज त्यात बघायची, आणि पंधरा दिवसांनी एक दिवस सोडून बघायला लागली. मुंग्या गेल्या. मी पुस्तकात शोधलं, असलं काही कुठं लिहिलेलं नव्हतं.

पुढची पायरीही अक्कांचीच. त्यांनी तिला कोठीत घेतलं. रोज संध्याकाळी पिंपांची झाकणं उघडून आत बघायचं आणि अक्कांना सांगायचं, ज्वारी किती, डाळ किती, मीठ किती. माप बोटांचं. "ज्वारी चार बोटं." मग अक्का ऑफिसात जायच्या, कारकुनांना बोटं सांगायच्या, शनिवारी अडतीवरून गाडी यायची आणि पिंप पुन्हा भरायचं. ती गाडी बघायला ही पोर दारात आधीपासून उभी असायची. पोतं ओतताना हात घालून बघायची, खरंच ज्वारी आहे का.

पौषात एका दुपारी आम्ही तिघी मागच्या पडवीत ज्वारी निवडत होतो. ऊन छान होतं. मी खडे फेकत होते नि मनात आता हिला न्यायला हरकत नाही असा हिशेब करत होते. तेवढ्यात तिनं आपणहून सांगायला सुरुवात केली. कुणीही काही विचारलं नव्हतं.

"आई तापली व्हती. तिला उटवत न्हवतं. मला म्हनली, जा, वाटी घिऊन सुकडीच्या रांगंत उबी ऱ्हा. मी ऱ्हायले. माज्या म्होरं दोन बायका ऱ्हायल्या आन् त्यो मानूस म्हनला, संपलं. पळी वाजीवली त्यानं."

अक्कांचे हात थांबले. माझेही.

"मग मी आले परत. आई म्हनली, आनलंस व्हय? मी म्हनलं, संपलं. मग आई निजली ती उटलीच न्हाई."

ती हे सांगताना खडे निवडतच होती. मग तिनं सूप खाली ठेवलं आणि अक्कांना विचारलं, "मी तसं म्हनलं नसतं तर?"

मला तो क्षण अजून लख्ख आठवतो, कारण आम्हा दोघींना एकदमच कळलं की आपण काय करून बसलोय. चाळीस मुलींना आम्ही रोज शिकवत होतो की तो शब्द वाईट असतो, तोंडातून काढायचा नसतो. आणि या पोरीनं तो काढला होता. तिच्या हिशेबानं आई त्यानंच गेली होती, आणि आमच्या हुकुमानं तिच्या हिशेबावर शिक्काच मारला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अक्कांनी तिला जवळ ओढलं. "मगा, ताप व्हता तो. शब्दानं माणूस मरत न्हाई."

"मग म्हनायचं का न्हाई?"

अक्का तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. माझ्याकडं उत्तर होतं, पण ते मी दोन महिन्यांपूर्वीच ओरडून देऊन बसले होते आणि त्याचा तेव्हाही उपयोग झाला नव्हता. शेवटी तिनंच सूप पुन्हा उचललं.

त्यानंतर ती पुन्हा डब्यात रोज बघायला लागली. मला भीती वाटू लागली की शिमगा येईल आणि ही इथंच राहील. मावशीच्या घरी कोण जपून बोलणार होतं? तिथं चार पोरं, रोज काही ना काही संपणार आणि रोज कुणीतरी ते मोठ्यानं सांगणार. आम्ही तिला ज्या घरासाठी तयार केलं होतं तसं घर जगात आमचंच एक होतं.

माघात अक्का भाचीच्या लग्नाला आठवडाभर गावी गेल्या. जाताना त्यांनी मोठ्या मुलींना स्वयंपाक वाटून दिला आणि कोठी हिच्यावर सोपवली. "बोटं मोजायची. दोन बोटं राहिली की ऑफिसात जाऊन सांगायचं," असं तीनदा बजावलं. पोर छाती काढून हिंडत होती.

गुरुवारी दोन बोटं राहिली. ती ऑफिसात गेली, कारकुनांच्या टेबलापुढं उभी राहिली आणि आम्ही शिकवल्याप्रमाणे नीट म्हणाली, "ज्वारी वाढली."

कारकून सज्जन माणूस, आणि आमचा हुकूम ऑफिसापर्यंत कधी पोचलाच नव्हता. त्यांना बरं वाटलं. "अरे वा," म्हणाले, आणि शनिवारच्या यादीतून ज्वारीवर काट मारली.

हे मला रविवारी सकाळी कळलं. शनिवारी गाडी आली, तिच्यात डाळ, तेल, गूळ होतं. ज्वारी उद्या येईल असं मोठ्या मुलींना वाटलं आणि मला, खरं सांगायचं तर, काहीच वाटलं नाही, कारण मी कोठीत पाऊलच टाकलं नव्हतं. रविवारी गिरणीत दळण टाकायला म्हणून पिंप उघडलं तर तळ. अडत बंद. पोर पिंपाशी उभी होती, हातात ती जर्मनची वाटी. ओरडली नाही, रडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मी सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "मी चांगलं म्हनलं व्हतं."

मी तिचा हात धरला आणि तरातरा मागच्या गल्लीत कारकुनांच्या घरी गेले. ते मागावर बसले होते. मी दारातूनच सुरू झाले. चाळीस मुली उपाशी आहेत, शिकलेला माणूस, एवढं साधं कळू नये, आणि बरंच. ते उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाई, ती म्हणाली वाढली. वाढली म्हणजे जास्त झाली ना?"

"वाढली म्हणजे संपली!" मी ओरडले. हुकूम माझा आणि तो मोडलाही मीच.

कारकुनांनी हात जोडले. "आमच्यात तांदूळ संपले की निंडुकुन्नायी म्हणतात. म्हणजे भरले. वाढले कुणी म्हणत नाही. तुम्ही भरली म्हणाला असता तर मला लगेच कळलं असतं."

एका भिंतीच्या अलीकडं रिकाम्याला वाढलं म्हणतात, पलीकडं भरलं म्हणतात, आणि या दोन शहाण्यांच्या मध्ये चाळीस पोरी उपाशी. मला इतकं हसू आलं की मी त्यांच्या ओट्यावर बसले. कारकूनही हसायला लागले, आधी घाबरत, मग मोकळे. पोर आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. संपलेल्याला हसतात हे तिनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"चला," कारकून म्हणाले. "ज्वारी नाही, तांदूळ आहेत. आमची गल्ली भातच खाते."

त्यांनी घरातली मोठी परात घेतली आणि आम्ही दारोदार निघालो. ते तेलुगूत चार शब्द बोलायचे, आतली बाई काही न विचारता आत जायची आणि सूप भरून तांदूळ आणून ओतायची. पहिल्या तीन घरी पोर माझ्यामागं लपली. चौथ्या घरी कारकुनांना कुणीतरी रस्त्यातच गाठलं आणि मला परात देऊन ते बोलत मागं राहिले. दारात एक म्हातारी उभी होती, कमरेला किल्ल्या. मी तोंड उघडायच्या आत पोर पुढं झाली आणि म्हणाली, "आमची ज्वारी वाढली."

म्हातारीला मराठी बेताचंच येत असावं. ती म्हणाली, "वाढली? चांगलं, चांगलं." आणि हसून बघत उभी राहिली.

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. मी सांगू शकले असते. पण का कोण जाणे, एरवी सदा चालणारं माझं तोंड त्या वेळी बंद राहिलं. तिनं एकदा मागं राहिलेल्या कारकुनांकडं बघितलं, एकदा परातीकडं. मग अगदी हळू म्हणाली, "संपली. आमची ज्वारी संपली."

म्हातारी "अय्यो" म्हणाली आणि लगबगीनं आत गेली. बाहेर आली ती दोन सुपं घेऊन, आणि वर पदरातून चिंचेचा गोळा काढून पोरीच्या वाटीत घातला.

पुढच्या घरापासून तिनं कुणाला बोलू दिलं नाही. कारकुनांना नाही, मला नाही. दारात जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, आमची ज्वारी संपली. प्रत्येक दारी तांदूळ पडत होते. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत तिचा आवाज पार मागांच्या वरती चढला होता आणि परात उचलायला दोघं लागत होती.

त्या दुपारी चाळीस मुली भात आणि चारू जेवल्या. चारू म्हणजे चिंचेचं पातळ, झणझणीत सार. ते करायला कारकुनांच्या घरच्या स्वतः आल्या आणि त्यांनी मोठ्या मुलींना फोडणीजवळ फिरकू दिलं नाही. ज्वारीवर वाढलेल्या आमच्या पोरींना भात म्हणजे सण. तिसऱ्यांदा भात घेताना कुणी लाजलं नाही. कारकून पंगतीत बसले होते आणि जे घडलं ते जणू आपल्या हुशारीनंच घडलं, अशा चेहऱ्यानं मिरची चावत होते. मला ते रविवारचं जेवण माझ्या स्वतःच्या लग्नाच्या जेवणापेक्षा जास्त आठवतं.

अक्का मंगळवारी परतल्या. त्यांना दारातच गाठून पोरीनं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "अक्का, ज्वारी संपली व्हती. मी तसं म्हनलं बी. समद्या गल्लीत म्हनलं."

अक्कांनी पिशवी खाली ठेवली. माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

"मग?" अक्का म्हणाल्या.

"मग आमी जेवलो की."

"जेवलात न्हवं? मग झालं," अक्का म्हणाल्या आणि लग्नातले लाडू काढायला बसल्या. त्या दिवसापासून आमच्या घरात ज्याला जे म्हणायचं ते तो म्हणू लागला. अक्का मात्र वाढलंच म्हणत राहिल्या, आणि मी त्यावरून पुन्हा कधी भांडले नाही. पत्र्याच्या डब्यात पोर बघेनाशी झाली. मोठ्या मुलींनी एके दिवशी त्यातल्या कडक भाकऱ्या दह्यात कुस्करून खाल्ल्या, तेव्हा तिनं त्यांच्याशी भांडण केलं. पण ते न विचारता घेतल्याबद्दल होतं, सगळ्या पोरी करतात तसलं.

शिमग्याच्या दोन दिवस आधी मावशी आली. मी तिच्यासाठी एक कागद भरून सूचना लिहिल्या होत्या. तिला वाचता येत नव्हतं म्हणून मीच वाचून दाखवल्या. पोरीला रागावू नका. तिच्यासमोर काही संपलं तर एकदम बोलू नका. पातेल्यावर पळी आपटू नका. डबा रिकामा दिसू देऊ नका. मावशी ऐकत होती आणि तिचा चेहरा घाबरत चालला होता.

"बाई, एवढं ध्येनात कुटं ऱ्हातंय," ती म्हणाली. "आन् आमच्यात तर रोजच कायतरी संपतंय."

ती घाबरली तशी मीही घाबरले. वाटलं, आता ही म्हणेल, असू द्या पोरगी हितंच. मी कागद खाली घेतला.

पोर दाराशी बोचकं घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत आली आणि मावशीच्या शेजारी बसली.

"मावशे, बाईचं काय ऐकू नगं," ती म्हणाली. "संपलं तर संपलं म्हन. फकस्त लपवू नगं. मला सांग. आपन दोगी जाऊन मागून आनू."

मावशीनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"व्हय," ती म्हणाली. "तसं करू."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मग कागदाची घडी घालून कमरेला खोचली आणि सांगोल्याची एसटी किती वाजता आहे ते विचारलं.